कोकरू बाईचं, मेंढरू मालकाचं

(नाशिक येथे कार्यकर्त्या मैत्रिणींच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)

‘पशुपालक समाजातील स्त्रिया’ असा विषय मला या सत्रासाठी दिलेला आहे. अशा विषयाची सुरुवात सहसा शिक्षण, आरोग्य, बालविवाह या मथळ्यांनी होते. मी मात्र मटणाच्या ताटापासून सुरुवात करणार आहे. तुमच्यापैकी ज्या मटण खात नाहीत त्यांनी थोडा वेळ सोसून घ्यावे. बाजारात विकल्या गेलेल्या मालाचा माग काढत उलटे चालत गेले, की कोणाचे श्रम कुठे गळाले ते दिसू लागते. तेवढ्यासाठी हा खटाटोप.

नाशिकहून मुंबईकडे जा, पुण्याकडे जा, धुळ्याकडे जा, नाहीतर येवल्यावरून छत्रपती संभाजीनगरकडे जा. रस्त्याच्या दोन्ही अंगांना हॉटेलांच्या पाट्या दिसतात. ‘काळ्या मसाल्याचे मटण’, ‘चुलीवरचे मटण’, ‘मटण-भाकरी’, ‘बोकडाचे मटण मिळेल’. म्हणजे मसाल्याला नाव आहे, चुलीला नाव आहे, कधीकधी रांधणाऱ्या मावशीचेही नाव पाटीवर असते. पण ते जनावर कोणत्या माळावर वाढले, कोणी वाढवले, हे एकाही पाटीवर लिहिलेले नसते. ‘मटण’ या एका शब्दात शेळीही येते आणि मेंढीही येते. गिऱ्हाईक बोकड मागते, म्हणून बोकडाचे नाव तरी पाटीवर चढले. मेंढराचे तेवढेही चढले नाही.

हे सगळीकडे असेच असते असे नाही. फ्रान्समध्ये पिरेनिज पर्वताच्या उंच कुरणांवर चरलेल्या बारेज-गावार्नीच्या मेंढीच्या मटणाला २००३ साली तिथल्या सरकारने नावाचे संरक्षण दिले. २००८ साली ते सगळ्या युरोपात लागू झाले. ठरलेल्या डोंगरात, ठरलेल्या रीतीने वाढलेल्या जनावरालाच ते नाव लावता येते. ब्रिटनमधील वेल्सच्या कोकराच्या मांसालाही २००३ पासून असेच संरक्षण आहे. तिथल्या हॉटेलात बसलेल्या माणसाला कोणत्या मुलखातले कोकरू आपण खातो हे कळते, आणि त्या नावाचे चार पैसे जास्त मोजायला तो तयार होतो.

तुम्ही म्हणाल, परदेशाचे कशाला सांगतेस? मग नाशिकचे सांगते. आपल्याकडे भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९ साली झाला आणि २००३ पासून अमलात आला. त्याखाली नाशिकच्या द्राक्षांना मानांकन आहे, नाशिक व्हॅलीच्या वाइनला आहे, लासलगावच्या कांद्याला आहे, येवला ज्या पैठणीसाठी प्रसिद्ध आहे त्या पैठणीलाही आहे. शेजारच्या मध्य प्रदेशात झाबुआच्या कडकनाथ कोंबडीच्या मांसाला २०१८ साली मानांकन मिळाले. म्हणजे मांसाला असे नाव मिळू शकते, हेही सिद्ध झाले. उद्या कोणीतरी उठेल आणि म्हणेल, आपल्या माळावरच्या मेंढीलाही मानांकन मिळवू या. ती मागणी मला गैर वाटत नाही. माझा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. मेंढीला नाव मिळेल तेव्हा मेंढी वाढवणाऱ्या बाईचे नाव कुठे असेल?

या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर आधी ते जनावर कुठून येते ते पाहावे लागेल.

पिरेनिजमधली किंवा हिमालयातली मेंढरे उन्हाळ्यात वर चढतात आणि थंडीत खाली उतरतात. आपल्याकडचे गणित वेगळे आहे, आणि ते पावसाने घातलेले आहे. इगतपुरीला वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तिथून पूर्वेकडे येवला-नांदगावकडे गेलात की तो ५००-६०० मिलिमीटरच्या आसपास येतो. आपली दख्खनी मेंढी या कोरड्या माळाची आहे. पावसाळ्यात सह्याद्रीच्या माथ्यावर हिरवेगार गवत असते, पण तिथे तिला नेले तर खुरे सडतात, सर्दी होते, जनावर टिकत नाही. म्हणून पावसाळ्याचे चार महिने मेंढरे सिन्नर, नांदगाव, येवला, चांदवडच्या माळांवर आणि डोंगरउतारांवर राहतात. दिवाळी झाली, माळ वाळला, की वाडे हलतात. घोड्यांच्या पाठीवर बिऱ्हाड चढते. कोणी गोदाकाठच्या बागायतीकडे जाते, कोणी खानदेशाकडे, कोणी घाट उतरून ठाणे जिल्ह्यातल्या भातखाचरांकडे. कापणी झालेल्या शेतात मेंढरे रात्रभर बसवली की लेंडीखत मिळते. त्याबदल्यात शेतकरी धान्य देतो किंवा पैसे देतो. मृगाच्या आत सगळे परत माळावर. वर्षातले सात-आठ महिने पायी.

हे करणारा समाज म्हणजे मुख्यतः धनगर. आपल्या भागात त्यांच्यातले ठेलारीही आहेत. राज्याच्या यादीत धनगर भटक्या जमाती ‘क’ या गटात येतात. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे २७ लाख मेंढ्या मोजल्या गेल्या. मेंढ्यांची मोजदाद झाली. त्यांच्या मागे चालणाऱ्या बाया किती, हा आकडा पशुगणनेत असण्याचे कारणच नाही.

आता वाड्यावरचा दिवस पाहा. मी गेली काही वर्षे या वाड्यांवर जाते आहे, त्यामुळे हे पुस्तकातले सांगत नाही. पुरुष सकाळी मेंढरे घेऊन चरायला निघतो. त्याचे काम अवघड आहे, उन्हातान्हाचे आहे, ते मी कमी लेखत नाही. पण तो निघतो तेव्हा वाड्यावर कोण राहते? बाई, म्हातारी माणसे, लहान मुले, कुत्री, कोंबड्या आणि कोकरे. नुकती जन्मलेली कोकरे कळपामागे चालू शकत नाहीत. ती दिवसभर बाईच्या ताब्यात असतात. त्यांना सावलीत ठेवणे, बाभळीच्या शेंगा, पाला आणून टाकणे, पाणी दाखवणे, लांडग्या-कुत्र्यांपासून राखणे. संध्याकाळी मेंढरे परत आली, की दोन्हीकडून ओरडा सुरू होतो. त्या गलबल्यात कोणते कोकरू कोणत्या मेंढीचे हे बाईला अचूक ठाऊक असते. मेंढी पान्हा चोरत असेल तर तिला धरून उभे राहायचे. आई मेली असेल तर कोकराला दुसरीच्या अंगाला लावायचे, नाहीतर शेळीचे दूध पाजायचे. कोकराचे हगवण, अंगावरच्या गोचड्या, पायात मोडलेला काटा, हे सगळे तिच्याकडे.

शिवाय वाडा हलायच्या दिवशी पहाटे उठून भाकरी भाजायची, भांडीकुंडी, घोंगड्या, वाघर, म्हणजे रात्री मेंढरांभोवती उभे करायचे जाळीचे कुंपण, सगळे घोड्यावर बांधायचे, त्यावर लहान मूल आणि चार कोकरे बसवायची, आणि लगाम धरून चालायला लागायचे. नव्या तळावर पोचले की पुन्हा पाणी कुठे, सरपण कुठे, याचा शोध. बाळंतपण वाटेत आले तर वाटेतच होते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुन्हा चालणारी बाई मी पाहिलेली आहे. अंगणवाडीत नाव असते गावच्या आणि मूल असते घाटाखाली.

आणि ही बाई मटण किती खाते? जत्रेला, देवकार्याला, किंवा एखादे जनावर पाय मोडून पडले तर. एरवी बाजरीची भाकरी आणि ठेचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. वाड्यावरच्या बायांचा वेगळा आकडा त्यात दिलेला नाही. पण ज्यांच्या हातून मुंबई-नाशिकला मांस पुरवले जाते त्यांच्या पापण्या उलटून पाहिल्या, तर डॉक्टरची गरज लागत नाही.

कोकरू तीन-चार महिन्यांचे झाले की विकायला निघते. दख्खनी मेंढीच्या लोकरीला आता कातरणीची मजुरीही सुटेनाशी झाली आहे. घोंगडीचा बाजार आटला. धंद्याचा सगळा पैसा आज कोकराच्या विक्रीतून येतो. म्हणजे कमाईचा मुख्य माल तोच, जो बाईने वाढवला. आणि विक्रीच्या दिवशी बाई कुठे असते? वाड्यावर.

व्यापारी वाड्यावर येतो तेव्हा तो मालकाशी बोलतो. बाजारात जनावर नेले तर सौदा बऱ्याच ठिकाणी अजूनही हत्ता पद्धतीने होतो. दोन पुरुष रुमालाखाली हात धरतात आणि बोटे दाबून भाव ठरवतात. आजूबाजूच्यांना कळू नये म्हणून ही रीत. आता सांगा, परक्या पुरुषाचा हात रुमालाखाली धरून कोणती बाई सौदा करील? आणि केला तर तिला गावात कोण राहू देईल? बाईने बाजारात यायचे नाही असा कायदा कोणी केलेला नाही. सौद्याची रीतच अशी आहे की तिला तिथे हातच घालता येत नाही.

त्यात वजनकाटा नसतो. जनावर नगावर, अंदाजाने जाते. जिवंत वजनाच्या साधारण निम्मे मटण पडते हे व्यापाऱ्याला पाठ असते. बाईलाही कोकराचे वजन माहीत असते, कारण ती त्याला रोज उचलते. पण तिला कोणी विचारत नाही. वाडा हलायची घाई असेल, पाऊस आला असेल, मुलीचे लग्न निघाले असेल, तर व्यापारी भाव पाडतो. एका वाड्यावर एक वयस्क बाई मला म्हणाली, “ताई, कोकरू बाईचं, मेंढरू मालकाचं, आन् पैका येपाऱ्याचा.” भाषणाचे शीर्षक मी तिच्याकडूनच घेतले आहे.

मैत्रिणींनो, याच नाशिक जिल्ह्यात चांदवड आहे. तिथे होळकरांचा रंगमहाल आहे. अहिल्याबाई होळकर धनगर समाजातल्या, हे आपण अभिमानाने सांगतो. राज्याच्या मेंढी व शेळी विकास महामंडळालाही त्यांचेच नाव आहे. त्याच चांदवडला नोव्हेंबर १९८६ मध्ये शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचे अधिवेशन झाले. लाखोंच्या संख्येने बाया जमल्या होत्या असे तेव्हाच्या कार्यकर्त्या सांगतात. शेतकरी बाईच्या कामाचा हिशोब तिथे जाहीरपणे मांडला गेला. पुढे लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम निघाला, आणि गावोगावच्या शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करून दिला. १९९४ साली राज्याचे पहिले महिला धोरण आले. घरावर, जमिनीवर बाईचे नाव लागले पाहिजे ही गोष्ट आज निदान तोंडाने तरी कोणी नाकारत नाही.

पण हा सगळा विचार सातबाऱ्याभोवती फिरला. ज्यांच्याकडे जमीन आहे त्यांच्यासाठी तो बरोबरच होता. मेंढपाळ बाईच्या घरात जमीन असली तर एखादा कोरडवाहू तुकडा. तिच्या घरची खरी मालमत्ता म्हणजे शे-दीडशे मेंढरे. आणि मेंढराला सातबारा नसतो. म्हणून आपण तिच्यापर्यंत पोचलोच नाही.

आता मात्र मेंढरालाही एक प्रकारचा सातबारा आला आहे. जनावराच्या कानात बारा अंकी क्रमांकाचा पिवळा बिल्ला मारतात, तो तुम्ही पाहिला असेल. भारत पशुधन या सरकारी प्रणालीत त्या क्रमांकापुढे मालकाचे नाव आणि मोबाइल क्रमांक नोंदला जातो. २०२४ मध्ये राज्य शासनाने बिल्ला नसलेल्या जनावरांच्या खरेदी-विक्रीवर आणि वाहतुकीवर बंधने आणली. म्हणजे पुढच्या काळात लस, विमा, नुकसानभरपाई, विक्री या सगळ्यांची वाट त्या कानातल्या बिल्ल्यातून जाणार. माझे सांगणे एवढेच आहे की तो बिल्ला मारताना मालक म्हणून कोणाचे नाव लिहिले जाते तिकडे आपण आत्ताच लक्ष दिले पाहिजे. एकदा सगळी नोंद पुरुषाच्या नावे झाली, की ती बदलून घ्यायला आपल्याला आणखी चाळीस वर्षे भांडावे लागेल. जमिनीच्या बाबतीत तेच झाले.

नावाने काय होते, असे वाड्यावरचे पुरुष विचारतात. मेंढरे घरचीच आहेत, वाटण्या कशाला? बायासुद्धा म्हणतात, नावावरून घरात भांडण नको. त्यांची भीती खोटी नाही. म्हणून नावाने काय होते ते मी उदाहरण देऊनच सांगते.

डिसेंबर २०२१ च्या पहिल्या दोन दिवसांत अवकाळी पाऊस आणि कडाक्याची थंडी एकदम आली. पुणे आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत उघड्यावर बसलेली मेंढरे काकडून मोठ्या संख्येने मेली. अशा वेळी पंचनामा होतो. आपत्तीच्या मदतीचे २०२२ ते २०२६ या काळासाठीचे जे निकष आहेत त्यांत मेंढी-शेळीला नगामागे ४,००० रुपये आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त ३० लहान जनावरांपर्यंत मदत आहे. आता एका वाड्यावर सत्तर मेंढरे मेली आणि सगळी एकाच पुरुषाच्या नावे असली तर काय? मदत ३० चीच. रक्कम त्याच्याच खात्यात. आणि तो पुरुष मेलेला असला, सोडून गेलेला असला, व्यसनी असला तर? पंचनाम्याच्या कागदावर त्या बाईचा कळपाशी काही संबंधच उरत नाही. तिला वारस म्हणून सिद्ध करत बसावे लागते, आणि मेंढरे तर रोज चरायला न्यावी लागतात. विधवा झालेल्या बाईचा कळप दिराकडे ‘राखायला’ गेला आणि परत आला नाही, अशी घरे मला ठाऊक आहेत. नावाने हे होते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नुसते नाव लावून भागत नाही. बचत गटांत आपण पाहिले आहे की कर्ज बाईच्या नावाने निघते, पैसा पुरुष वापरतो आणि हप्त्यासाठी बँकेचा माणूस बाईच्या दारात उभा राहतो. मेंढपाळांसाठी २०१७ पासून राजे यशवंतराव होळकर महामेष योजना आहे. वीस मेंढ्या आणि एक नर मेंढा असा गट ७५ टक्के अनुदानावर मिळतो. अशा योजनेत अर्ज बाईच्या नावाचा केला, अंगठा तिचा घेतला आणि पुढचे सगळे तिच्या मागे झाले तर ते नावही तिला ओझेच होईल. नावाबरोबर विक्रीच्या वेळी तिथे हजर असणे आणि पैसा तिच्या खात्यात येणे, या तीन गोष्टी एकत्र मागायला हव्यात.

आणखी एक मुद्दा मेंढीच्या जातीचा. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने पश्चिम बंगालमधल्या गारोळ मेंढीचा जुळी देण्याचा गुण दख्खनी मेंढीत आणला आणि ‘नारी सुवर्णा’ ही मेंढी तयार केली. चंदा निंबकर या बाईंनी तिथे या कामात पुढाकार घेतला. काम मोलाचे आहे, कारण एका मेंढीमागे कोकरे वाढली तर उत्पन्न वाढते. पण जुळे झाले की दुसऱ्या कोकराला दूध कमी पडते. त्याला उचलून पाजायचे कोणी, रात्री ऊब कोणी द्यायची? ते काम पुन्हा बाईच्याच वाट्याला. चांगली जात आणताना वाढलेले काम कोणावर पडेल हेही योजनेत लिहिलेले असावे. आंत्रविषाराची लस, पीपीआरची लस, कोकरांचे संगोपन, यांची शिबिरे पुरुषांसाठी भरतात आणि घरी येऊन तो बायकोला सांगेल असे धरून चालतात. कोकरे जिच्या ताब्यात आहेत तिला थेट शिकवायला काय हरकत आहे?

आता भौगोलिक मानांकनाकडे परत येते. त्या कायद्यात ‘उत्पादक’ कोणाला म्हणायचे याची व्याख्या आहे. शेतमाल पिकवणारा तर उत्पादक आहेच. पण त्यावर प्रक्रिया करणारा, बांधाबांध करणारा, एवढेच काय त्या मालाचा व्यापार करणारासुद्धा त्या व्याख्येत बसतो. म्हणजे माळावर एक रात्र न काढलेला व्यापारी उद्या ‘उत्पादक’ म्हणून अधिकृत वापरकर्त्यांच्या यादीत नाव घालू शकतो. आणि जी बाई कोकराला पदराखाली घेऊन घाट उतरली तिच्याकडे अर्जाला जोडायला एकही कागद नसतो. कायदा तिला मना करत नाही. कागदच तिच्या आड येतो. म्हणून दख्खनी मेंढीला नाव मिळण्याआधी बाईच्या नावाचा कागद तयार झाला पाहिजे. हा क्रम उलटा झाला तर हॉटेलाच्या पाटीवर ‘माळावरची दख्खनी मेंढी’ असे लिहिलेले आपण वाचू, दर वाढलेला पाहू, आणि वाड्यावर मात्र तीच भाकरी आणि तोच ठेचा असेल.

आणि माळच राहिला नाही तर नाव तरी कशाला लावायचे? गायराने गेली, द्राक्षबागांना तारेची कुंपणे आली, वनखात्याच्या रोपवनात गेले की दंड. समृद्धी महामार्ग आपल्या सिन्नर-इगतपुरीतून जातो. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. त्याच्या दोन्ही बाजू बंद आहेत, कळपाला पलीकडे जायला भुयारी वाट शोधत वळसा घ्यावा लागतो. वळसा म्हणजे आणखी चाल, आणि ती चाल डोक्यावर हंडा असलेल्या बाईची. २००६ च्या वनहक्क कायद्यात भटक्या पशुपालकांचा हंगामी चराईचा हक्क लिहिलेला आहे. पण धनगरांसारख्या बिगर-आदिवासींना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा पुरावा द्यावा लागतो. चालत्या माणसाचा पुरावा कोणत्या चावडीत असणार? तो असतो वाटेवरच्या देवळात, पाणवठ्यावर आणि म्हाताऱ्या बायांच्या आठवणीत. कोणत्या वर्षी कुठे बाळंत झाले, हे त्यांना गावाच्या नावासकट आठवते. वाटेचा नकाशा काढायचा असेल तर त्यांच्या बाळंतपणांची यादी करा. मी हे गमतीने म्हणत नाही. हा खरोखरीचा पुरावा आहे.

मालेगावजवळ चंदनपुरी आहे. खंडोबाची बाणाई तिथली, असे लोक मानतात. कथेत देव बाणाईसाठी म्हातारा चाकर होऊन तिच्या वाड्यावर राबला, त्याने तिची मेंढरे राखली. दरवर्षी पौषात तिथे यात्रा भरते, भंडारा उधळतो. मेंढरे बाणाईची आणि राखणारा मल्हारी, हे सांगताना एकाही पुरुषाला कमीपणा वाटत नाही. मग तहसीलच्या कागदावर तेच लिहिताना का वाटावा? वाड्यावर हा प्रश्न मी विचारला की बाया हसतात, पुरुष खाली पाहतात, आणि मग बोलणे सुरू होते. आपल्या पुस्तकी शब्दांनी जे होत नाही ते बाणाईच्या नावाने होते, असा माझा अनुभव आहे.

तेव्हा आपण काय करायचे, ते थोडक्यात मांडते.

एक, बिल्ल्याच्या नोंदीत नवरा-बायको दोघांची नावे यावीत, आणि विधवा व परित्यक्ता बायांच्या कळपाची नोंद थेट त्यांच्याच नावे व्हावी, ही मागणी पशुसंवर्धन विभागाकडे लेखी द्यायची.

दोन, शेळ्या-मेंढ्यांच्या बाजारात वजनकाटा आणि उघडा लिलाव व्हावा. रुमाल निघाला की बाईला सौद्यात उभे राहता येईल. काट्याने गरीब पुरुषाचेही भलेच होणार आहे, त्यामुळे या मागणीला वाड्यावरचे पुरुषही साथ देतील.

तीन, योजना आणि नुकसानभरपाईचा पैसा जोडखात्यात जमा व्हावा.

चार, लसीकरणाची आणि कोकरांच्या संगोपनाची शिबिरे वाड्यावर, बायांच्या सवडीच्या वेळी व्हावीत. सोबत लोहाच्या गोळ्या आणि रक्ततपासणी. जनावरांचा डॉक्टर आणि माणसांची नर्स एकाच दिवशी वाड्यावर आली तर कोणाचे काय बिघडणार आहे?

पाच, पुढे कोणीही दख्खनी मेंढीच्या मानांकनाचा अर्ज करणार असेल तर अधिकृत वापरकर्त्यांत वाड्यावरच्या बाया असल्याशिवाय आपण त्याला पाठिंबा द्यायचा नाही.

यातले बहुतेक काम आपल्यातल्या बिगर-धनगर बाया करणार, हे मला माहीत आहे. म्हणून एक पथ्य पाळू या. निवेदनावर पहिली सही वाड्यावरच्या बाईची हवी. तिला सही येत नसेल तर आधी सही शिकवायची, निवेदन आठ दिवस उशिरा गेले तरी चालेल.

संयुक्त राष्ट्रसंघाने २०२६ हे वर्ष गायराने आणि पशुपालकांचे वर्ष म्हणून जाहीर केले, आणि तेच वर्ष शेतकरी स्त्रीचेही वर्ष म्हणून जाहीर केले. दोन्ही मथळे एकाच बाईला लागू पडतात हे बहुधा त्यांच्या लक्षात नसेल. आपल्या लक्षात असू द्या. अशा वर्षांचा उपयोग एवढाच, की त्यांचे नाव घेतले की कचेरीत बसायला खुर्ची मिळते.

दिवाळीनंतर वाडे हलू लागतात. घाटाच्या तोंडाशी एक-दोन दिवस तळ पडतो, आणि एरवी विखुरलेली बिऱ्हाडे तिथे एकत्र सापडतात. नोंदीचे पहिले शिबिर तिथेच घ्यावे असे मी सुचवते. ज्यांना यायचे आहे त्यांनी चहाच्या सुट्टीत माझ्याकडे नावे द्यावीत. येताना घोंगडी आणावी, रात्री थंडी असते.